मोहाखालचा हिरवा डबा

ये, जवळ ये. बसली आहेस तिथेच बस हवं तर, पण कान इकडे कर, कारण मला तुझ्यावर जरा रागवायचं आहे. दर वर्षी तू नातवंडांना घेऊन नागपूरहून पचमढीला जातेस. रेल्वेनं गेलीस तर आमचं पांढुर्णा लागतं, मोटारीनं गेलीस तर सौंसर लागतं. आणि दर वेळी खिडकीतून पाहून तेच म्हणतेस, "इथं काय आहे बाई पाहायला? संत्री आणि कापूस!" वर मला फोन करून सांगतेससुद्धा! एका बाकावर बसून चौथीपर्यंत शिकलो आपण दोघी. तू पुढं शिकलीस, मी थांबले आणि मग किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून शिकले. पण इतकं तर मलाही कळतं की खाली न उतरता गाव दिसत नाही.

बरं, जास्त नाही बोलत. खरं सांगायचं तर चाळीस वर्षं मीही हेच म्हणत होते, आणि मी तर इथंच राहते.

माझं जाणंयेणं कसं होतं, तुला ठाऊक आहे. घर, बाजार, देऊळ, लग्नकार्य. सौंसरला जायचं ते कोणाच्या बारशाला नाहीतर कोणाच्या तेराव्याला, आणि तेही कोणाच्या तरी मागे मागे. जामसांवलीच्या हनुमानाला वर्षातून दोनदा. तेव्हा मुलगा गाडी काढणार, देवळासमोर मला उतरवणार, दर्शन झालं की पुन्हा गाडीत बसवणार, जसं काही मी काचेचं भांडं. साठी उलटून किती वर्षं झाली, तरी मी एकटी बसमध्ये चढले नव्हते. चढता येत नव्हतं असं नाही. कोणी चढू दिलं नव्हतं, आणि मीही कधी हट्ट धरला नव्हता.

मग त्या दिवाळीत माझी नात आली. ती पुण्याला नोकरी करते. फराळ झाला, दुपारी सगळे लवंडले, आणि ही माझ्या उशाशी मोबाईल घेऊन बसली.

"आजी, तुला एक खेळ दाखवू?"

"दाखव. पण गोळ्या झाडायचा नको."

"नाही गं. जगभरात लोकांनी छोटे छोटे डबे लपवून ठेवले आहेत. झाडाच्या ढोलीत, दगडामागं, डोंगरावर. कुठं ते नकाशावर दिसतं. आपण जायचं आणि शोधायचं."

"आणि सापडल्यावर?"

"आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसा परत ठेवायचा."

"घरी नाही आणायचा?"

"नाही ना, आजी."

"मग मिळालं काय?"

"मजा."

मी म्हटलं, "बाप्पा! पुण्याची कंपनी तुले याचा पगार देऊन राहिली का?"

ती इतकी हसली की झोपलेला मुलगा उठून बसला. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. मी डबाशोध म्हणते, सोपं पडतं. तिनं मला नकाशा दाखवला. नागपूरकडं डब्यांच्या खुणा होत्या, इकडं डोंगरांतही कुठं कुठं होत्या. पांढुर्णा ते सौंसर मात्र सगळं कोरं. एक खूण नाही. आता मला कळत होतं की हा पोरखेळ आहे, तरी ते कोरं पाहून मनाला लागलं. म्हणजे आमच्या इकडं शोधण्यासारखं काहीच नाही? मी नातीला म्हटलं, "आपण ठेवू एक."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी बसनं निघालो. जामसांवलीच्या अलीकडे एक फाटा आहे. त्या फाट्यावरून मी किती वेळा गेले असेन, देव जाणे, पण तिथं कधी उतरले नव्हते. आतल्या पायवाटेनं दहा मिनिटं चाललं की नाला लागतो. एका बाजूला संत्र्यांचा बगीचा, त्याच्या कुंपणाबाहेर दगडांची जुनी पाळ, आणि पाळीवर मोहाचं मोठं झाड. खाली नाल्यात एवढासा डोह. त्यात पाय सोडून बसलो तर एक खंड्या समोरच्या फांदीवरून दगड पडावा तसा पाण्यात पडला आणि मासोळी घेऊन उडाला. मी नातीकडं पाहिलं, नातीनं माझ्याकडं. जागा ठरली.

डबा प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा, वरून हिरवी पट्टी गुंडाळलेला. आत हिरव्या पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, आणि चार किरकोळ वस्तू: एक काचेची गोटी, एक मोठं बटण, एक शिंपला, एक किल्ल्यांची साखळी. ज्याला जी वस्तू आवडेल त्यानं ती घ्यायची आणि बदल्यात आपली एक ठेवायची. नातीनं बगीच्याच्या मालकाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ठेवा बाप्पा, माह्या संत्र्यांले हात नका लावू म्हणजे झालं." पाळीतला एक सुटा दगड सरकवून आम्ही डबा आत ठेवला, दगड परत लावला, आणि नातीनं मोबाईलवर जागा टिपून घेतली.

मग खरी गोष्ट आली. या खेळाचा नियम असा की डबा ठेवणारा दूर राहत असेल तर जवळच्या कोणीतरी त्याची जबाबदारी घ्यावी लागते. डबा जागेवर आहे का, वही ओली तर नाही झाली, हे जाऊन पाहावं लागतं. नातीनं विचारलं, "आजी, तुझं नाव लिहू?"

"माझं? त्या इंग्रजी नकाशात?"

"हो."

"लिही. पण पूर्ण लिही, सासरच्या आडनावासकट."

रात्री जेवताना मुलाला कळलं. तो म्हणाला, "आई कशी जाईल एकटी? काही झालं म्हणजे?" नात म्हणाली, "बाबा, मी तसं लिहून दिलं आहे. कोणी सांभाळलं नाही तर डबा नकाशावरून काढून टाकतात." मुलगा कचेरीत नोकरीला आहे, लिहून दिलेल्या गोष्टीला तो फार मानतो. पोळीचा तुकडा आमटीत बुडवला आणि म्हणाला, "महिन्यातून एकदाच. आणि मंगळवार-शनिवारी नाही, देवळाची गर्दी असते."

महिन्यातून एकदा! त्याला ते कमी वाटलं, मला डोंगराएवढं.

पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा कंडक्टरनं फाट्यावर घंटी मारायला नकार दिला. म्हणाला, "आजी, देऊळ पुढं आहे. इथं कायले उतरता?"

"मले देवळात नाही जायचं."

"मग इथं कोण आहे तुमचं?"

"डबा आहे."

त्यानं ड्रायव्हरकडं पाहिलं, ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं पाहिलं, आणि गाडी थांबली. मी पिशवी सावरत उतरले. गाडी निघून गेली, धूळ खाली बसली, आणि त्या फाट्यावर मी एकटी उभी. नातीनं माझ्या मोबाईलवर लावून दिलेला बाण नाल्याकडं, खाली आकडा: अजून किती चालायचं. चार पावलं टाकली की आकडा कमी होतो, वाट चुकली की वाढतो. मी मुद्दाम दोनदा चुकले, आकडा कसा वाढतो ते पाहायला. कोणी विचारणारं नव्हतं ना!

डबा उघडला तर वहीत दोन नावं! नागपूरहून मोटारसायकलवर आलेलं जोडपं. त्यांनी लिहिलं होतं, "जागा सुंदर. डोहात पाय बुडवून बसलो. गोटी घेतली, तिकीट ठेवलं." पुढच्या महिन्यात छिंदवाड्याच्या एका सायकलवाल्यानं हिंदीत लिहिलं होतं की या रस्त्यानं नेहमी जातो, आज पहिल्यांदा थांबलो. मी ते पाळीवर बसून मोठ्यानं वाचलं. नंतर घरी येऊन सुनेला सांगितलं, मुलाला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं.

आता माझी चूक सांगते. हसू नकोस.

संक्रांत आली. आपल्यात कोणाचा डबा रिकामा परत करतात का? शेजारणीची वाटी आली की तिच्यात काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतो. आणि इकडं लोक कुठून कुठून, उन्हातून येऊन राहिले, आणि माझ्या नावाच्या डब्यात काय, तर बटण, शिंपला आणि एक शिळं तिकीट! मला रात्रभर ते बटण दिसत राहिलं. नातीनं बजावून सांगितलं होतं, "आजी, आत खायचं काही ठेवायचं नाही." पण मी मनाशी म्हटलं, तिळगूळ म्हणजे खाणं थोडीच, तो तर सण. केले डझनभर लाडू, चांगलं तूप घालून. सोबत संक्रांतीचं वाण म्हणून पाच रंगांचे पाच छोटे कंगवे. बसनं गेले, डबा भरला, झाकण लावलं, दगड लावला आणि हलक्या मनानं घरी आले.

पंधरा दिवसांनी नातीचा फोन. "आजी, दोन जण येऊन गेले, दोघांनी लिहिलं की डबा सापडला नाही. नकाशावाल्यांनी महिन्याभरात पाहून कळवायला सांगितलं आहे, नाहीतर खूण काढतील. डबा आहे ना जागेवर?"

"आहे ना! मीच तर ठेवला. त्यांले शोधता नसेल आलं."

खोटं बोलले मी. बोलले आणि फोन ठेवला तर समोर मुलगा उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. चिडला नाही, उलट मायेनं म्हणाला, आणि तेच जास्त लागलं. "जाऊ दे आई. गेला तर गेला डबा. झाली ना हौस? आता कशाला बसचे धक्के."

तू मैत्रीण आहेस म्हणून सांगते, मला डब्याची काळजी नव्हती. प्लास्टिकचाच तर होता. पण तो गेला की माझा महिन्यातला एक दिवस गेला. फाटा गेला, पाळ गेली, तो खंड्या गेला. पुन्हा देवळासमोर उतरणं आणि गाडीत बसणं. कोणत्या तोंडानं म्हणणार होते मी, की मला उगाच, काही कामाशिवाय बाहेर जायचं आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

पाळीतला दगड बाजूला पडला होता आणि आत नुसती पोकळी. मी हात घालून पाहिलं, काडीनं ढवळलं, मग गुडघे टेकून आजूबाजूचे दगड उचकू लागले. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"काय शोधून राहिल्या वो मावशी?"

पाहते तर बगीच्याची राखण करणारी बाई. पन्नाशीची असेल. कमरेला पदर खोचलेला, हातात गोफण.

"माझा डबा होता इथं."

"डब्बा?" ती कुंपणाजवळ आली. "म्हणजे तुम्ही डब्ब्यासाठी येत होत्या? दर महिन्याले या दगडामागं बसता, इकडं तिकडं पाहता. मले वाटे, मावशीले पोटाची तकलीफ आहे. म्हणून मी तिकडं तोंड करून उभी राहत होती!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि मग दोघींना असं हसू फुटलं की मी पाळीवर बसलेच. हसता हसता तिला सगळं सांगितलं, डबा, नकाशा, नात, तिळगूळ. तिळगुळाचं नाव काढताच तिनं कपाळावर हात मारला.

"तिळगूळ ठेवला? इथं? अवो मावशी, इथं वानरांची टोळी आहे. मी दिवसभर गोफण फिरवून संत्रे वाचवून राहिली, आणि तुम्ही बाहेरून त्यांले फराळ देऊन राहिल्या! तवाच म्हटलं, हे बुढं वानर हिरवं काय घेऊन बसलं मोहावर. झाकण चावे, हुंगे, पुन्हा चावे. मग गेली सारी टोळी नाल्यानं वर."

"कुठं गेली?"

"आता वानर काय सांगून जाते?" तिनं कुंपणाची काटी सरकवली आणि बाहेर आली. "चाला, पाहू. पण चपला घट्ट आहेत ना?"

आम्ही नाल्याच्या काठानं निघालो. ती पुढं, मी मागं. मोबाईलचा बाण इथं काही कामाचा नव्हता. पण शंभर पावलांवर बोरीच्या झाडाखाली काही लाल चमकलं. माझा कंगवा! संक्रांतीचा! मी ओरडलेच. राखणवालीनं तो उचलून पाहिला, म्हणाली, "एक दात तुटला. वानरानं केस विंचरले वाटते."

पुढं पिवळा कंगवा खडकावर. तिथून नाला वळतो, ती वळणापलीकडची जागा मी पाहिलीच नव्हती. खडकाला पायऱ्यांसारखे टप्पे, त्यांवरून पाण्याची बारीक धार, बाजूला पळसाची रांग. पळसाला काळ्या मखमलीसारख्या कळ्या धरलेल्या, एखादी फुटून आतलं केशरी टोक दिसत होतं. मी थांबले तर ती म्हणाली, "पंधरा दिवसांनं पाहा, सारा काठ पेटल्यासारखा दिसते." तिनं मला मोराची पिसं पडतात ती जागा दाखवली, साळिंदराचं बीळ दाखवलं. वीस वर्षं ती या नाल्यावर राहून राहिली. म्हणाली, "मले कोणी विचारलंच नाही आजवर, दाखवू कोणाले?"

निळा कंगवा चिखलात मिळाला. हिरवा मिळालाच नाही, असेल अजून एखाद्या वानरीकडं. आणि पांढरा मिळाला अर्जुनाच्या झाडाखाली. मान वर केली तर दोन फांद्यांच्या बेचक्यात माझा डबा!

"आता?" मी म्हटलं.

ती बगीच्यात जाऊन आकडीचा लांब बांबू घेऊन आली. मी खाली पदर पसरून उभी. तिनं एक हिसका दिला, दुसरा दिला, आणि डबा आला तो पदरात नाही, माझ्या खांद्यावर आदळून खाली. झाकणाचा एक कोपरा गायब, हिरव्या पट्टीवर दातांच्या रांगा. आत पाहिलं. पेन्सिल होती, शिंपला होता. ते बटणसुद्धा होतं, बघ! वही नव्हती.

माझं अवसानच गेलं. झाकण दुसरं आणता येतं. पण ज्यांनी नावं लिहिली, ते कुठून आणायचं? मी खडकावर बसले. "वहीच गेली," म्हटलं, "आता काय कळवू नातीले?"

"कोणती वही? हिरव्या पुठ्ठ्याची?"

"हो."

"ते तर माह्या घरी आहे!"

"अगं बाई! मग मघापासून सांगितलं काऊन नाही?"

"तुम्ही डब्बा डब्बा करून राहिल्या! वहीचं नाव तरी काढलं का?"

बगीच्याच्या कोपऱ्यात तिची दोन खोल्यांची जागा. वही तिनं आढ्याला बांधलेल्या पिशवीत ठेवली होती, कोरडी ठणठणीत. मोहाखाली पडलेली दिसली म्हणून उचलली. म्हणाली, "आमच्या घरी लिहिलेला कागद पायदळी येऊ देत नाही. माहा बाप म्हणे, अक्षरापर्यंत पोचायले आपल्याले लय चालावं लागलं." मी तिचे दोन्ही हात धरले. तिनं चहा ठेवला.

तिथूनच नातीला फोन लावला, एकमेकींचं तोंड दिसतं तसला, आणि सगळं कबूल केलं. खोटं बोलले तेही. नात म्हणाली, आधी डबा दाखव. दातांच्या खुणा पाहिल्या आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, मी नवा डबा पाठवते. आणि ऐक ना, त्या मावशी तर रोज तिथंच असतात. त्यांचंच नाव लिहिते. त्या पाहतील डबा, तुला यायची गरजच नाही. बाबांचीही काळजी मिटेल."

किती सरळ बोलली पोरगी. तिचं काय चुकलं? मी म्हटलं, "हो, बरोबर आहे." आणि हातातली वही उगाच चाळू लागले. डबा मिळाला होता, वही मिळाली होती, आणि ज्याच्यासाठी नाल्यानाल्यानं फिरले तेच हातून सुटत होतं.

राखणवालीनं माझ्याकडं पाहिलं. मग ओल्या हातानंच मोबाईल माझ्याकडून घेतला.

"हे पाय बेटा, वानरं मी हाकलीन. डब्ब्यावर नजर ठेवीन. पण वहीचं काम मले नाही जमत. मले लिहिता-वाचता येत नाही. ते तुह्या आजीलेच यावं लागन. महिन्यातून एकदा तर पाहिजेच, जास्त जमलं तर चांगलंच."

"असं का?" नात म्हणाली. "मग आजीचंच नाव राहू देते."

फोन बंद झाला. चहा कपात ओतता ओतता राखणवाली आपल्याच नादात बोलल्यासारखी म्हणाली, "तो छिंदवाड्याचा सायकलवाला चांगला माणूस दिसते. म्हणते, नेहमी जातो, आज पहिल्यांदा थांबलो."

मी कप खाली ठेवला. "तुला वाचता येते?"

"मावशी, दहावी पास आहो मी."

"मग पोरीसंग खोटं काऊन बोलली?"

"तुम्ही काऊन बोलल्या होत्या?" ती म्हणाली. "आणि तुम्ही नाही आल्या तर मी बोलू कोणासंग? वानरांसंग?"

नवा डबा आठवड्यात आला, अजून घट्ट झाकणाचा. आम्ही दोघींनी मिळून तो बसवला. मग नातीनं कळवलं, आणि खूण नकाशावर राहिली. मुलाला मी जुनं झाकण दाखवलं, नाल्यावरचं सगळं सांगितलं. त्यानं त्या दातांच्या रांगांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पुढच्या वेळी रविवारी जाशील का? मीही येतो. मला ते पायऱ्यांचं पाणी पाहायचं आहे." मी म्हटलं, "ये, पण बसनं यावं लागेल. आणि फाट्यावर उतरावं लागेल." आला. चपला हातात घेऊन नाल्यात उतरला, सहा वर्षांचा असताना उतरला असता तसा. राखणवालीनं त्याला बगीच्यातून चार संत्री दिली आणि म्हणाली, "साहेब, मावशीले अडवू नका, त्यांच्याशिवाय आमचं हापिस बंद पडते."

आता मी दोन डबे नेते. एक नुसता पाहायचा, त्यात खायचं काही नाही, कानाला खडा. दुसरा कडीचा, माझ्या स्वयंपाकघरातला. तो भरून तिच्या हातात देते आणि येताना तो संत्र्यांनी, बोरांनी, कधी मोहाच्या फुलांनी भरून येतो. रिकामा कधीच नाही. आता तर ती मला नाल्याच्या आणखी वर नेणार आहे. तिथं एक कपार आहे म्हणते, दुसरा डबा ठेवायला. पण वानरांना ती वाट ठाऊक आहे की नाही, हे तिला आधी पाहायचं आहे.

तेव्हा तू ऐक. पचमढी कुठं पळून नाही जात. या खेपेला नातवंडांना घेऊन पांढुर्ण्याला उतर, सौंसरच्या बसमध्ये बस आणि जामसांवलीच्या अलीकडच्या फाट्यावर उतर. कंडक्टर विचारेल, इथं कोण आहे तुमचं? सांग, मैत्रीण आहे. मी मोहाखाली बसलेली असेन. गुडघ्यांचं कारण मला सांगू नकोस, माझेही तुझ्याच वयाचे आहेत. पर्समध्ये डब्यात ठेवायला काही किरकोळ आण, तुझ्या त्या सतराशे साठ बांगड्यांपैकी एक आण. वहीत तुझं नाव लिहायला एक ओळ मी राखून ठेवली आहे, दर महिन्याला तिच्यावर बोट ठेवून पाहते, कोणी भरली तर नाही ना. पळस आता पूर्ण फुलला आहे, आणि फार दिवस टिकत नाही. लवकर ये.